म्युनिकमधली डिझेल टुआरेग आणि मागे कॅरावॅन : टायर, हुक आणि वजनकाटा

इसारकाठ (म्युनिक)

नमस्कार मंडळी. गेल्या महिन्यात इथल्या दुसऱ्या एका धाग्यावर मी कॅरावॅनचा (गाडीमागे ओढून न्यायच्या चाकांवरच्या घराचा) उल्लेख केला, तेव्हापासून चार-पाच जणांनी निरोप पाठवून एकच प्रश्न विचारलाय : "तुमचं इंजिन केवढं आहे, किती ओढतं?" प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा हा धागा काढतोय. आणि त्या प्रश्नाबद्दल मला आधी एक सांगायचंय : इंजिनाची चिंता सगळ्यात शेवटी करा.

गाडी २०१९ ची फोक्सवागन टुआरेग, तीन लिटर व्ही-सिक्स डिझेल, २८६ पीएस (अश्वशक्ती) आणि ६०० न्यूटन मीटर टॉर्क. तीन वर्षांपूर्वी वापरलेली घेतली. ब्रेक असलेला ३५०० किलोचा ट्रेलर ओढायची तिला परवानगी आहे. आमची कॅरावॅन १८०० किलोची, एका आसाची. म्हणजे कागदावर निम्म्या ताकदीतच काम भागतं, आणि रस्त्यावरही तसंच वाटतं. ए-८ महामार्गावरचा इर्शेनबेर्गचा चढ इथल्या कॅरावॅनवाल्यांना चांगला ठाऊक आहे. तिथे डिझेल मिनिटाला दोन हजार फेऱ्यांच्या आतच शांतपणे ओढत राहतं, आठ गिअरचा ऑटोमॅटिक फारशी धावपळ करत नाही. एकटी गाडी मला शंभर किलोमीटरला साडेआठ लिटर घेते, मागे कॅरावॅन असली की साडेतेरा-चौदा.

पण पहिल्याच मोठ्या प्रवासात, इटलीतल्या गार्डा सरोवराकडे जाताना, त्याच इर्शेनबेर्गच्या उतारावर एक बस शेजारून गेली आणि मागची कॅरावॅन डोलायला लागली. आधी थोडी, मग सापासारखी. मी स्टिअरिंग सरळ धरून ब्रेक दाबला म्हणून ती थांबली. बायको काही बोलली नाही, पण तिने दाराचं हँडल धरलेलं मला दिसत होतं. पुढचा सगळा रस्ता मी सत्तरने गेलो.

परतीच्या वाटेवर ऑस्ट्रियाच्या सीमेवरचं कुफस्टाइन ओलांडून ए-९३ महामार्गावर आलो आणि कॅरावॅनचा उजवा टायर फुटला. फुटला म्हणजे रबराच्या पट्ट्या झाल्या. चाकावरचं आवरण फाटलं, खालच्या पाण्याच्या नळ्या तुटल्या. मुलं गाडीत होती, कुणाला काही झालं नाही. कठड्यापलीकडच्या गवतात दोन तास बसून होतो.

त्या टायरवर नक्षी अगदी नव्यासारखी होती. विकणाऱ्यानेही तीच दाखवली होती. मी खाली वाकून बाजूचा कोड वाचलाच नव्हता. टायरच्या बाजूवर 'डॉट' या अक्षरांनंतर शेवटी चार आकडे असतात : पहिले दोन आठवडा, पुढचे दोन वर्ष. आमच्या टायरवर होते २२१५. म्हणजे २०१५ चा बाविसावा आठवडा, तेव्हा आठ वर्षं झालेली. कॅरावॅन वर्षातले अकरा महिने एका जागी उभी असते, त्याच जागी दबून, उन्हात. नक्षी झिजत नाही, रबर मात्र म्हातारं होतं.

घरी आल्यावर सार्वजनिक वजनकाट्यावर गेलो. परवानगी १८००, काट्यावर १८८०. त्या चाकांना बसवलेल्या टायरचा भारांक १०४ होता, म्हणजे टायरमागे ९०० किलो. दोन टायरचे १८००. आमच्याकडे काही शिल्लकच नव्हतं, उलट उधारी होती. मग हुकावर येणारं वजन मोजलं. जर्मनीत त्याला श्ट्युत्सलास्ट म्हणतात. गाडीच्या हुकाला १४० किलोपर्यंत चालतं, कॅरावॅनच्या दांड्याला १००, म्हणजे आमची मर्यादा १००. भरलं किती? ४५. कारण दोन सायकली मी मागच्या भिंतीला टांगल्या होत्या आणि पाण्याची टाकी मागच्या बाजूला भरलेली होती. नाक हलकं, शेपूट जड, म्हणून ती डोलली.

तेव्हापासून मी इंजिनाबद्दल बोलत नाही.

---

ऊसपट्टा (वाळवा, सांगली)

दादा, तुमचं ४५ किलो वाचलं आणि थेट आमच्या शेतात आलो. याला आमच्याकडे गाडी 'उलाळ' झाली म्हणतात. उसाची टायरगाडी भरताना हाच सगळा खेळ असतो. मोळ्या मागं जास्त पडल्या की गाडी उलाळते, जू वर उचलतं आणि जोतं बैलाच्या गळ्याला आवळतं. पुढं जास्त पडल्या की सगळा भार मानेवर, बैलाचा खांदा सुजतो. भरणारा माणूस जुवाला हात लावून एकदा वर-खाली करून बघतो आणि मग सांगतो, "दोन मोळ्या पुढं घे." त्याला किलो माहीत नसतात, पण हात बरोबर सांगतो.

ट्रॅक्टरमागं दोन ट्रॉल्या लावून कारखान्याला जाणारे बघितलेत ना? ट्रॉली पुढं जड झाली की चढावर ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलतात आणि स्टिअरिंग हवेत फिरतं. ट्रॅक्टरला ताकद कमी नसते. माणसं मरतात ती भरण्यामुळं.

एक विचारतो. नाकावर वजन हवं किती? थोडं तरी पाहिजे हे कळलं, पण नेमकं?

---

इसारकाठ

"उलाळ"! माझे आजोबा हा शब्द वापरायचे, वीस वर्षांत ऐकला नव्हता. मनापासून आभार.

मर्यादेच्या जवळ जायचं, ओलांडायची नाही. दोन मर्यादांपैकी (गाडीची आणि ट्रेलरची) जी लहान ती खरी. आमची १००, आता मी ९० ते ९५ ठेवतो. मोजायला महागडं काही लागत नाही. बाथरूममधला वजनकाटा घ्यायचा, त्यावर लाकडाचा ठोकळा उभा करायचा आणि कॅरावॅनचं कप्लिंग (दांड्याचं टोक, जे हुकावर बसतं) त्यावर टेकवायचं. ठोकळ्याची उंची एवढी हवी की कप्लिंग हुकाच्याच उंचीवर राहील, कॅरावॅन आडवी, सपाट. काटा दीडशेपर्यंतचा असला म्हणजे पुरे.

सायकली आता गाडीच्या टपावर गेल्या. पाणी मुक्कामाच्या जागी भरतो. पुढच्या पेटीतून तंबूच्या काठ्या काढून बरोबर आसाच्या वर, जमिनीलगत ठेवल्या. जड ते खाली आणि मधे, हा एक नियम पाळला तरी निम्मं काम होतं. पीठ-तांदूळ दोन आठवड्यांचे न्यायचो, ते थांबवलं. ८० किलो कुठून आले होते हे शोधायला आम्ही एका शनिवारी सगळं सामान अंगणात काढून एकेक तोललं. दारापुढे लावायचा तंबू एकटाच ३८ किलो निघाला.

त्यानंतर आल्प्समधला ब्रेनर घाट दोनदा केला. त्या वाटेवरच्या युरोपाब्रुके पुलावर वाऱ्याची सूचना लागली होती, पूल दरीपासून जवळजवळ १९० मीटर उंच आहे. ऐंशीने गेलो, स्टिअरिंगला एक हलका धक्का जाणवला, बाकी काही नाही. गाडी तीच, इंजिन तेच.

---

नेकारतीर (स्टुटगार्ट)

चांगला धागा. पण मला थोडं विरोधी बोलायचंय आणि ते मनापासूनचं आहे.

आमच्याकडे २०१२ ची मोठी डिझेल एसयूव्ही होती, युरो ५ (धुराच्या नियमांचा टप्पा, आकडा जितका मोठा तितकी गाडी स्वच्छ). स्टुटगार्टमध्ये २०१९ च्या सुरुवातीला युरो ४ पर्यंतच्या डिझेलना शहरबंदी आली, आणि २०२० मध्ये शहराच्या मधल्या भागात युरो ५ लाही. आमचं घर त्या भागात. आम्ही गाडी मिळेल त्या भावात विकली. तेव्हा खूप राग आला होता. पण माझ्या धाकट्याला दमा आहे, आणि नेकारटोअरच्या चौकातून रोज त्याला शाळेत नेताना मीच विचार करायचे की हे धुराचं आकडेवारीतलं प्रकरण माझ्या मुलाच्या छातीत चाललंय.

तुमची युरो ६ आहे, स्वच्छ आहे, मान्य. तरीही वर्षातले किती दिवस कॅरावॅन ओढता? पंचवीस? उरलेले ३४० दिवस दोन टनांची गाडी घेऊन दूध आणायला जायचं का? आम्ही आता छोटी इलेक्ट्रिक वापरतो आणि उन्हाळ्यात ओढणारी गाडी दोन आठवडे भाड्याने घेतो.

---

इसारकाठ

नेकारतीर ताई, तुमचं म्हणणं योग्य आहे आणि मी ते टाळणार नाही. आमचे ओढण्याचे दिवस वर्षाला तीस-पस्तीस. दूध आणायला आम्ही ही गाडी वापरत नाही, आणि त्यामागे पर्यावरणाइतकंच एक यांत्रिक कारणही आहे.

पहिल्या हिवाळ्यात बायको रोज सहा किलोमीटरवर कामाला हीच गाडी न्यायची. जानेवारीत काजळीच्या फिल्टरचा दिवा लागला. डिझेलच्या धुरातली काजळी या फिल्टरमध्ये साठते आणि अधूनमधून ती जाळावी लागते. त्यासाठी फिल्टर सहाशे अंशांच्या आसपास तापवावा लागतो. सहा किलोमीटरमध्ये इंजिनच नीट गरम होत नाही, मग जाळणं सुरू होतं आणि अर्धवट राहतं. प्रत्येक अर्धवट वेळी फिल्टर तापवायला जादा फवारलेलं डिझेल सिलिंडरच्या भिंतीवरून खाली ऑइलमध्ये उतरतं. आमच्या ऑइलची पातळी कमी व्हायच्या ऐवजी वाढली होती. ज्याच्या गाडीत ऑइल वाढतंय त्याने आनंद मानू नये, लगेच बदलून घ्यावं. आता शहरातलं सगळं सायकलने आणि यू-बानने (मेट्रोने). गाडी निघते ती किमान चाळीस किलोमीटरसाठी.

पैशांचं म्हणाल तर डिझेल इथे पंपावर स्वस्त असतं, कारण त्यावरचा इंधनकर लिटरला ४७ सेंट आणि पेट्रोलवर ६५. पण वाहनकरात ते परत जातं. डिझेलला दर १०० सीसीमागे साडेनऊ युरो, म्हणजे तीन लिटरला २८५ नुसते इंजिनाच्या आकाराचे, त्यावर कार्बन डायऑक्साइडचा भाग वेगळा. मला वर्षाला सव्वापाचशेच्या आसपास बसतात. वर्षाला बारा हजार किलोमीटरच्या आत चालवणाऱ्याने नुसत्या बचतीसाठी डिझेल घेऊ नये, असं माझं स्पष्ट मत आहे. भाड्याने घेण्याचा तुमचा मार्ग बहुतेकांना परवडेल.

---

पुणेरीचाक (पुणे)

मी फॉर्च्युनरवाला, २.८ डिझेल ऑटोमॅटिक. ओढायचं काही नाही, पण फिल्टरचं वाचून मान हलवली. बीएस-६ नंतर आमच्याकडेही हेच. बाणेर ते हिंजवडी रांगेत चालवायची आणि महिन्यातून एकदा सातारा रस्त्याला मोकळी पळवून आणायची, हा आता माझा नेम झालाय.

टायरबद्दल लिहितो, कारण इथे सगळ्यांना ऑल-टेरेन (माती-खडीतही चालणारे) हवे असतात. दिसायला दणकट दिसतात म्हणून. मी स्वतः २६५/६० आर १८ मध्ये ऑल-टेरेन घालून दोन पावसाळे काढले. ताम्हिणीत जुलैमध्ये ओल्या डांबरावर ब्रेक लावला की गाडी एक हात जास्त पुढे जाते असं जाणवायचं. नक्षीचे ठोकळे मोठे, मधल्या खाचा मोठ्या, पण ओल्या गुळगुळीत रस्त्याला टेकणारं रबर कमी आणि कडक. शिवाय ऐंशीच्या पुढे केबिनमध्ये गुणगुण. आता परत हायवे-टेरेन (डांबरी रस्त्याचे) घातलेत. वर्षातून दोनदा कोकणात मातीच्या रस्त्याला जातो, तेवढ्यासाठी उरलेले दिवस ओल्या घाटात अंगावर घ्यायचे नाहीत. ज्यांची रोजची वाट शेतातून किंवा खडीतून आहे त्यांनी जरूर घालावेत, त्यांच्यासाठीच ते आहेत.

इसारकाठ, मोठ्या गाडीला तुम्ही कोणते घातले? आणि तिकडे बर्फाचं काय करता?

---

इसारकाठ

गाडी माझ्याकडे आली ती २० इंची चाकांवर, २८५/४५. सुंदर दिसायची. पण हुकावर ९५ किलो, डिकीत सामान, मागे दोन मुलं, अशा वेळी मागच्या टायरवर भार चढतो आणि बुटक्या टायरला खड्ड्यात दबायला जागा नसते. हिवाळ्यासाठी मी १९ इंची घेतले, २५५/५५, भारांक १११. म्हणजे टायरमागे १०९० किलो, आणि बाजूवर एक्सएल (जादा भाराचा टायर) लिहिलेलं. बाजू उंच असल्याने गाडी मऊ चालते आणि टायर स्वस्तही पडतो. उन्हाळी टायर झिजल्यावर तिथेही १९ च घातले. टायर बदलताना माप काहीही निवडा, भारांक मूळच्यापेक्षा खाली जाऊ देऊ नका. आणि हवा! टाकीच्या झाकणाच्या आत किंवा दाराच्या खांबावर तक्ता असतो, त्यात पूर्ण भाराचा आकडा वेगळा असतो. मी ओढायच्या आदल्या रात्री, टायर थंड असताना, त्या आकड्यापर्यंत हवा भरतो आणि परत आल्यावर उतरवतो.

हिवाळ्याचा कायदा इथे तारखेवर नाही, रस्त्यावर आहे. बर्फ, चिखलबर्फ, दव गोठलेलं असलं की हिवाळी टायर हवेतच, नाहीतर ६० युरो दंड आणि चालकाच्या नोंदीत एक पॉइंट. लोक मात्र ऑक्टोबर ते ईस्टर असा साधा हिशेब धरतात. १ ऑक्टोबर २०२४ पासून टायरवर तीन शिखरांचा डोंगर आणि आत हिमकण हे चिन्ह असायलाच हवं, नुसतं 'एम प्लस एस' (चिखल आणि बर्फ) चालत नाही. जुने ऑल-टेरेन वापरणाऱ्यांनी हे नीट बघावं, अनेकांवर फक्त ती अक्षरंच आहेत.

अजून एक अनुभव. एका टायरमध्ये स्क्रू घुसला, दुरुस्त होण्यासारखा नव्हता. एका दुकानात म्हणाले, एकच नवा घाला. बाकी तिघांवर चार मिलिमीटर नक्षी, नव्यावर आठ. चारही चाकांना ताकद जाणाऱ्या गाडीत घेर वेगळा असला की मधला डिफरन्शियल (पुढच्या-मागच्या चाकांना ताकद वाटणारा गिअर) दिवसभर ती तफावत भरून काढत बसतो. मी चारही घेतले. खिशाला लागलं, पण गिअरच्या पेटीपेक्षा टायर केव्हाही स्वस्त.

---

गिरणघाट (फ्रँकफर्ट)

नवीन सदस्य आहे, आजवर फक्त वाचायचो. लायसन्सचं कुणी सांगेल का? मी भारतीय लायसन्स बदलून इथलं साध्या कारचं 'बी' वर्गाचं घेतलंय. त्यासाठी लेखी आणि गाडी चालवण्याची, दोन्ही परीक्षा परत द्याव्या लागल्या होत्या. कॅरावॅन ओढायला आता पुन्हा परीक्षा?

---

नेकारतीर

बी वर ७५० किलोपर्यंतचा ट्रेलर कुठल्याही गाडीमागे चालतो. त्याहून जड असेल तर गाडी आणि ट्रेलरची परवानगी असलेली वजनं मिळून ३५०० च्या आत हवीत. मोठ्या एसयूव्हीला हे जवळजवळ अशक्य, कारण गाडीचंच तीन टनांच्या जवळ जातं. पुढचा टप्पा बी-९६, एकत्र ४२५० पर्यंत. त्याला परीक्षा नाही, किमान सात तासांचं प्रशिक्षण. त्यापलीकडे बीई : परीक्षा फक्त चालवण्याची, लेखी नाही. लक्षात ठेवा, काट्यावरचं वजन नाही, कागदावरचं परवानगीचं वजन मोजतात. रिकामा ट्रेलर असला तरी तेच.

---

इसारकाठ

ताईंनी नेमकं लिहिलंय. माझी बेरीज २८५० अधिक १८००, म्हणजे ४६५०. म्हणून बीई. सात तास शिकलो, रिव्हर्स घेताना उलटं स्टिअरिंग फिरवायची सवय हाताला लागायला त्यातले तीन गेले. गाडीत ट्रेलर आपोआप मागे घेणारी सोय आहे, तरी हाताने शिका. वळणावळणाच्या कॅम्पिंगच्या वाटेत तेच कामाला येतं.

वेगाचंही सांगून टाकतो. कॅरावॅनसह ऑटोबानवर ८० ची मर्यादा. १०० हवं असेल तर वेगळी परवानगी आणि मागे गोल शिक्का लागतो. त्याच्या अटींमध्ये एक अशी आहे की ट्रेलरचे टायर सहा वर्षांपेक्षा जुने नसावेत. आमच्या कॅरावॅनवर शिक्का होता, टायर आठ वर्षांचे. म्हणजे त्या दिवशी मी ९५ ने जात होतो ते नियमाबाहेर होतं, आणि तो नियम कशासाठी आहे हे मला ए-९३ च्या कडेला कळलं. दर दोन वर्षांच्या तपासणीत नक्षी बघतात, त्यात कॅरावॅन पास झाली होती. वय बघायचं काम आपलं.

---

पुणेरीचाक

अ‍ॅडब्लूचा (डिझेलचा धूर स्वच्छ करणाऱ्या द्रवाचा) त्रास होतो का हिवाळ्यात? तिकडे उणे पंधरा-वीस जातं म्हणतात.

---

इसारकाठ

ते उणे ११ ला गोठतं, साडेबत्तीस टक्के युरिया आणि बाकी पाणीच ते. टाकीला हीटर असतो, त्यामुळे आजवर अडलं नाही. संपू मात्र देऊ नका, संपलं की बंद केलेलं इंजिन परत सुरू होत नाही. ओढताना जास्त लागतं, म्हणून प्रवासाआधी पंपावर भरून घेतो, डब्यांमधलं महाग पडतं.

डिझेलचं जास्त सांभाळावं लागतं. इथे १६ नोव्हेंबरपासून फेब्रुवारी संपेपर्यंत पंपावर हिवाळी डिझेल मिळतं, उणे वीसपर्यंत टिकणारं. दक्षिणेत, उबदार भागात भरलेली टाकी घेऊन आल्प्समध्ये रात्र काढली तर सकाळी थंडीने डिझेल घट्ट होऊन इंधनाच्या फिल्टरमध्ये मेण धरू शकतं. डिसेंबरमध्ये परतताना मी खाली थोडंच भरतो आणि डोंगरात वर आल्यावर टाकी पूर्ण करतो.

---

गिरणघाट

शनिवारी दारमस्टाटजवळ एक वापरलेली कॅरावॅन बघायला जातोय, १५०० किलोची. पहिल्यांदा काय बघू?

---

इसारकाठ

फोटोतले पडदे नंतर. आधी गुडघ्यावर बसा आणि दोन्ही टायरचा कोड वाचा, आतल्या बाजूला असेल तर मोबाइल खाली घालून फोटो काढा. मग भारांक. मग कोपऱ्यांमध्ये, खिडक्यांखाली अंगठा दाबून बघा : भिंत मऊ लागली तर पाणी मुरलंय, सोडून द्या. आणि एक बाथरूमचा काटा बरोबर न्या.

---

ऊसपट्टा

आणि जुवाला हात लावून बघा!

---

गिरणघाट

बघून आलो. भिंती कोरड्या, मागची खिडकी ठीक. एका टायरवर १४१७, दुसऱ्यावर १५१७, दोन्हींची नक्षी नवीकोरी. मालक म्हणाले, टायर तर उत्तम आहेत. मी त्यांना कोड दाखवला, त्यांनाही माहीत नव्हता. भले गृहस्थ होते, दोन नव्या टायरचे पैसे किमतीतून कमी करायला लगेच तयार झाले. काटा आणि ठोकळाही नेला होता. आत सामान नसताना नाकावर ६२ भरले. आणि मी कप्लिंग हाताने थोडं उचलून पाहिलं, ऊसपट्टा काका. जड लागलं, उलाळ नव्हतं. पुढच्या आठवड्यात टायर बसले की आणतो.